पहिल्या क्रमांकाची टार्विया

१२ सप्टेंबर २०१०, रविवार

निवृत्त होऊन अडीच महिने झाले आणि आज पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काम घेऊन आलं. म्हणून ही वही. छत्तीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या, आता स्वतःची भरून बघते.

आमच्या गाब्रोवोच्या वाहनधारक मंडळाचे चिटणीस युरुकोव सकाळी आले. दोन कप कॉफी प्यायले आणि मग मुद्द्यावर आले. "राइनाबाई, मंडळाच्या पत्रकात आता दरवर्षी एक तक्ता द्यायचाय. जुनी गाडी घ्यायची तर कोणती भरवशाची, कोणती नाही. विकणारे सगळे आईची शपथ घेऊन खोटं बोलतात. आपण सभासदांना विचारायचं आणि खरे आकडे छापायचे."

"मला गाडीतलं काही कळत नाही. मी जन्मभर ट्रॉलीबसने फिरले," मी म्हटलं.

"तेच तर हवंय! तुमची कुठलीच गाडी लाडकी नाही."

हे मला पटलं. त्यांनी एक प्रश्न लिहून आणला होता : 'तुमची गाडी कशी आहे? उत्तम, चांगली, बरी की वाईट?' मी तो तिथल्या तिथे खोडला. स्वतःच्या गाडीला वाईट कोण म्हणेल? त्याऐवजी लिहिलं : 'गेल्या बारा महिन्यांत गाडी किती वेळा गॅरेजला टाकावी लागली?' उत्तर आकड्यात. आकड्यांत कुणाचे लाड चालत नाहीत. युरुकोव म्हणाले, "वा!" मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी खाली मिरच्या भाजल्या. हा आठवडा मिरच्यांचाच. इमारतीमागच्या पत्र्याच्या शेडांसमोर प्रत्येकाची मिरच्या भाजायची शेगडी पेटलेली, आणि शेडांच्या आत पुरुषमंडळी आपापल्या गाडीशी काहीतरी खुडबुड करत बसलेली. बिल्याना माझ्यासोबत साली काढत होती. बिल्याना माझ्या बहिणीची, स्तेफकाची मुलगी. स्तेफका इटलीत बेर्गामोला एका म्हातारीची देखभाल करायला गेली ती 'फक्त दोन वर्षांसाठी'. त्याला आता पंधरा झाली. तेव्हा बारा वर्षांची असलेली बिल्याना आज सत्तावीस वर्षांची नर्स आहे आणि तिच्या वॉर्डला कुलूप लागतंय.

नगरपालिकेची जाहिरात आलीय. डोंगरातल्या अकरा वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना इंजेक्शनं, मलमपट्टी, औषधं द्यायला एक नर्स हवी. अट एकच, गाडी स्वतःची पाहिजे. पहिले चार महिने कच्ची नेमणूक.

"गाडी जमली तर ठीक मावशी, नाहीतर बेर्गामो. आईच्या शेजारच्या म्हातारीला माणूस हवंच आहे," ती मिरची सोलत म्हणाली.

ती हे सहज म्हणते. मला ते सहज ऐकता येत नाही.

२६ सप्टेंबर, रविवार

एकशे त्रेसष्ट फॉर्म आले. जेवणाच्या टेबलावर गठ्ठे आहेत, त्यामुळे आम्ही तीन दिवस उभ्याने जेवतोय.

शेड नंबर चौदाचे पेंचो मिनेव आपला फॉर्म दुरुस्त करायला तिसऱ्यांदा आले. पहिल्यांदा गाडीचं साल चुकलं होतं, दुसऱ्यांदा किलोमीटर, आणि आज म्हणे सही वाकडी आली होती. गिरणीत माग दुरुस्त करणारा एवढा बारीक कामाचा माणूस, पण कागद दिसला की गोंधळतो. विधुर आहेत. येताना दरवेळी मिरचीच्या चटणीच्या एक-दोन बरण्या आणतात. आमच्याकडे आता पाच झाल्या. आजही हात कोपरापर्यंत काळे.

"साबण संपला का?" मी विचारलं.

"जरा टार्वियाला हात लावत होतो."

"कशाला? तुमच्या फॉर्मवर तर शून्य आहे."

"शून्यच आहे बाई. तिला आजवर परक्या माणसाचा हात लागलेला नाही," ते ताठ होऊन म्हणाले.

माणसं गाडीला किती जपतात! मला कौतुक वाटलं.

निकाल एकदम स्वच्छ आला. टार्विया पहिली. अडतीस गाड्या आणि सगळ्यांच्या मिळून गॅरेजच्या खेपा दोन! त्या दोन्हीही एकाच माणसाच्या, आणि त्याने समासात लिहिलंय, 'तेव्हा माझा हात मोडला होता.' याचा इथे काय संबंध ते कळलं नाही. 'अप्रस्तुत' असा शेरा मारून पुढे गेले.

शेवटून पहिली ओमिना. गाड्या एकवीस, खेपा पन्नास. मालक बघावेत तर तीन डॉक्टर, एक दातांचे डॉक्टर, दोन शिक्षिका, औषधदुकानदाराची विधवा. शिकलेली माणसंसुद्धा गाडी निवडताना कशी फसतात.

९ ऑक्टोबर, शनिवार

गेल्या आठवड्यात तक्ता छापून आला. खाली बारीक अक्षरात 'संकलन : राइना दोब्रेवा'. मी चौकट करून भिंतीला लावला. बिल्याना हसली, पण खिळा तिनेच ठोकला.

दुपारी ती बाजारातून टार्विया घेऊन आली. दोन हजार एक सालची, निळी, काचेवर 'पहिला क्रमांक' अशी पाटी. आमचं पत्रक आल्यापासून जुन्या गाड्यांच्या बाजारात प्रत्येक टार्वियावर ही पाटी लागलीय म्हणे. तिने दुसरी गाडी बघितलीसुद्धा नाही. "मावशीचं नाव आहे खाली, अजून काय बघायचं?" असं ती विकणाऱ्याला म्हणाली. तिची सगळी शिल्लक गेली. मला रडू आलं. पण ते आनंदाचं होतं, कारण आता बेर्गामोचं नाव निघणार नव्हतं.

पेंचो शेडमधून हात पुसत बाहेर आले आणि गाडी बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं, बंद केलं.

"घेऊन झाली? पैसे दिले?"

"हो पेंचोकाका. का?"

"आधी मला विचारलं असतंत तर..."

"विचारायचं काय त्यात?" मी म्हटलं. "तुम्हीच नाही का शून्य लिहिलंत?"

ते मान खाली घालून शेडमध्ये परत गेले. बहुतेक या गाडीवर त्यांचाही डोळा असावा.

१८ ऑक्टोबर, सोमवार

बिल्यानाची पहिली फेरी. अकरापैकी सहा वाड्या आज, उरलेल्या उद्या. एका वाडीत तर दोनच माणसं राहतात आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. सगळ्यात वर गोर्नी द्रेनला स्तोयना आजी आहेत, साखरेच्या आजाराच्या. त्यांच्या हाताला कंप आहे, इन्सुलिन स्वतःला टोचता येत नाही. दिवसाआड आजींच्या शेजारणीची सून टोचते, बाकीचे दिवस बिल्यानाचे. आजींनी तिला सहा अक्रोड दिले.

३ नोव्हेंबर, बुधवार

गाडी सोन्यासारखी चाललीय. सकाळी सहाला मी खिडकी उघडते तर पेंचो रोज उठलेले, आमच्या टार्वियाशेजारी उभे. आज विचारलंच, "एवढ्या थंडीत काय करता?"

"पाणी बघितलं जरा. थंडीत बघावं लागतं."

पाणी बघायला माणूस सतरंजी अंथरून गाडीखाली झोपतो हे मला माहीत नव्हतं. गाड्यांची तऱ्हाच वेगळी.

२१ नोव्हेंबर, रविवार

राजधानीतल्या, सोफियाच्या एका साप्ताहिकाचं पत्र! आमचा तक्ता त्यांना फेब्रुवारीत छापायचाय, देशभर. युरुकोवांनी फोनवर ते तीनदा वाचून दाखवलं.

मी गंमत म्हणून बिल्यानाला फॉर्म भरायला लावला. गॅरेजच्या खेपा : शून्य. "बघ," मी म्हटलं, "घरचाच पुरावा." पेंचो चटणी द्यायला आले होते (नववी बरणी). मी त्यांना फॉर्म दाखवला तर त्यांना ठसकाच लागला.

बिल्याना नंतर म्हणाली, "मावशी, पेंचोकाका आपल्याकडे इतके का येतात गं?"

"चटणी जास्त झाली असेल त्यांची."

ती माझ्याकडे बघत राहिली. हल्लीच्या मुलींना साधी उत्तरं पटत नाहीत.

१० डिसेंबर, शुक्रवार

पेंचो हॉस्पिटलात. हर्निया. उचलायला नको ते काहीतरी उचललं असणार. मी संत्री घेऊन गेले. भुलीचा अंमल पुरता उतरला नसावा, कारण भलतंच बडबडत होते. "बाई, पोरीला सांगा, घाट चढताना काटा वर गेला तर थांबायचं. आणि रोज पाणी. दोन बाटल्या सोबत ठेव म्हणावं. मी येईपर्यंत वरच्या वाड्या नकोत."

मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. तापही होता. बिल्यानाला यातलं काही सांगितलं नाही, उगाच घाबरायची.

१४ डिसेंबर, मंगळवार

बिल्याना झोपली, तेव्हा लिहायला बसले.

गाडी आज गोर्नी द्रेनच्या चढावर बंद पडली. आधी वाफ, मग काही नाही. बर्फ गुडघ्यापर्यंत होतं आणि फोनला रेंज नाही. बिल्याना पिशवी पाठीला बांधून चार किलोमीटर चालत वर गेली. पोचायला अडीच तास उशीर झाला. स्तोयना आजी जमिनीवर बसलेल्या, नीट बोलता येत नव्हतं, तिला ओळखलंही नाही. नशीब, इन्सुलिननंतर संध्याकाळपर्यंत त्या सावरल्या. पण उरलेल्या तीन वाड्या राहिल्या आणि पालिकेतून आजच फोन आला : अजून एक दिवस असा चुकला तर नेमणूक संपली.

ती घरी आली तेव्हा बूट काढता येईनात इतके पाय गोठले होते. मी कोमट पाण्याची परात दिली. ती रडली नाही. म्हणाली, "ही तर पहिल्या क्रमांकाची आहे ना, मावशी? मग शेवटच्या क्रमांकाच्या कशा असतील?"

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. आणि मलाही.

१६ डिसेंबर, गुरुवार

आज शेडांमध्ये गेले. टार्वियावाले सगळे घरी होते. या थंडीत कुठे जाणार? पहिल्याच शेडमधल्या माणसाला विचारलं, "खरं सांगा, तुमची टार्विया कधी बिघडत नाही?"

"छे!" तो म्हणाला. त्याचे पाय गाडीखालून बाहेर आलेले होते.

"मग आत्ता काय करताय?"

"हे होय? गॅस्केट बदलतोय."

"हे बिघडणं नव्हे?"

पाय थांबले. "बिघडणं म्हणजे दुसऱ्याला पैसे द्यावे लागणं, बाई. हे मी स्वतः करतोय."

मी तिथेच त्याच्या टायरवर बसले. माझं लग्न झालं नाही, गाडी घेतली नाही. पण जन्म याच गावातला. गाब्रोवोचा माणूस पैसे वाचवायला स्वतःचे केस स्वतः कापतो, तो गाडी परक्याच्या हातात देईल? आणि मी त्याला विचारलं, गॅरेजला किती वेळा!

मग प्रश्न बदलला. "वर्षात गाडीखाली किती वेळा गेलात?" आणि काय सांगू, सगळ्यांना कंठ फुटला. चढाओढच लागली.

"सोळा वेळा! पाण्याचा पंप एकट्याने बदलला, भर पावसात."

"सोळाच? मी दोनदा इंजिन उतरवलंय."

"याच्या बायकोला विचारा, दर रविवारी हा जेवायचा कधी!"

एकजण घरी गेला आणि वही घेऊन आला. सहा वर्षांच्या नोंदी, तारखेनिशी. कुणी काही लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

अकरा गाड्यांचे मिळून दोनशे चार. आणि माझ्या तक्त्यात अडतीस गाड्यांचे दोन.

१७ डिसेंबर, शुक्रवार

हॉस्पिटल. पेंचो उठून बसले होते. मी कोट न काढता सुरुवात केली.

"तुम्ही खोटं लिहिलंत."

"नाही बाई. तुम्ही विचारलंत गॅरेजला किती वेळा. मी तेवढंच लिहिलं."

"आणि बिल्यानाने गाडी आणली त्या दिवशी तोंड का शिवलं होतंत?"

त्यांनी चादरीची घडी केली, मोडली. "तुम्ही तक्ता चौकटीत लावला होता. इतक्या खूश होतात. माझ्याच्याने होईना."

"तिच्या गाडीखाली किती वेळा गेलात?"

"मोजलं नाही."

"आता मोजा."

ते ओठ हलवत बोटांवर मोजत राहिले. पंप, पट्टा, सेल्फ, वायर, पुन्हा पंप. "तेवीस," शेवटी म्हणाले.

"दोन महिन्यांत! कशासाठी?"

"तुमची पोर डोंगरात जाते," ते छताकडे बघत म्हणाले, "आणि तुम्ही खिडकीत उभ्या असता, ती परत येईपर्यंत."

मी रागारागाने निघून आले, संत्री द्यायचीही राहिली. शेजारधर्म असावा, पण इतका? हर्निया त्या गाडीमुळेच झाला असणार. उद्या संत्री नेऊन देईन.

२४ डिसेंबर, शुक्रवार

नाताळची आदली संध्याकाळ. ताटात सात पदार्थ, माणसं दोन. स्तेफकासाठी रिकामी ताटली मांडतो, तशी मांडली. तिचा फोन आला. बिल्याना आतल्या खोलीत जाऊन बराच वेळ बोलली आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "आईने मार्चचं तिकीट बघितलंय. मी नाही म्हटलेलं नाही."

मी घेवड्याच्या दाण्यांचं सूप वाढलं.

आज जे खरं आहे ते लिहायचं ठरवलंय. त्या मोडलेल्या हाताचा शेरा मी वाचला होता. पेंचोंचे काळे हात बघितले होते. सतरंजीही बघितली होती. शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर इतकं स्वच्छ आलं असतं तर मी त्याला पुन्हा मोजायला लावलं असतं. मी स्वतः मोजलं नाही, कारण यादीत वरती स्वस्त गाडी आली होती. तिला परवडेल अशी. ती राहावी म्हणून मला तो आकडा हवा होता. म्हणून मी तो मानला, आणि त्याच आकड्यामुळे ती चालली आहे.

९ जानेवारी २०११, रविवार

नाताळच्या आणि नव्या वर्षाच्या दोन्ही सुट्ट्या मोजण्यात घालवल्या. सगळ्या एकशे त्रेसष्ट जणांना पुन्हा विचारलं; अर्ध्यांना फोनवर, अर्ध्यांना त्यांच्या शेडमध्ये जाऊन. आता तीन प्रश्न : गाडीखाली किती वेळा गेलात, गॅरेजला किती वेळा, आणि रस्त्यात बंद किती वेळा पडली. टार्विया तळाला गेली. ओमिना एकवीस गाड्यांत मिळून रस्त्यात बंद पडली तीनदा. त्या पन्नास खेपा तेल बदलायच्या आणि 'काहीतरी खुट् वाजतंय' म्हणून केलेल्या होत्या.

युरुकोव ऐकेनात. "बाई, दुरुस्ती छापली तर मंडळाचं हसू होईल. टार्वियावाल्यांपैकी निम्म्यांना गाडी विकायचीय, ते मला फाडून खातील. आणि सोफियाला काय सांगू?"

"सोफियाला मी कालच पत्र टाकलंय. छापू नका म्हणून."

"मला न विचारता?"

"संकलन कुणाचं लिहिलंय खाली?"

ते टोपी विसरून गेले.

पण खरी अडचण मी त्यांना सांगितली नाही. बिल्यानाचा सगळा पैसा त्या निळ्या गाडीत आहे. दुरुस्ती छापून आली की ती कुणी घेणार नाही. ती विकल्याशिवाय दुसरी येणार नाही, आणि दुसरी नसेल तर मार्चचं तिकीट. महिनाभर गप्प बसले तर पाटी लावून गाडी खपेल. हे मी दोन दिवस मनात घोळवलं. लाज वाटते, पण घोळवलं. शेवटी तिलाच विचारलं.

ती बूट चढवत होती. "छाप," म्हणाली.

"तुझी गाडी पडून राहील."

"राहू दे. कुणीतरी माझ्यासारखीच तो तक्ता हातात घेऊन गाडी बघत असेल, मावशी. तिने पेंचोकाका कुठून आणायचे?"

आणि गेली. पेंचो अजून वाकू शकत नाहीत. ते हल्ली खुर्ची टाकून बसतात आणि शेडवाल्या चौघांना पाळीपाळीने तिच्या गाडीखाली घालून वरून ओरडतात.

२९ जानेवारी, शनिवार

छापून आलं. तक्त्याच्या वर माझं निवेदन. त्यात लिहिलं की पहिला तक्ता चुकीचा होता आणि चूक सभासदांची नव्हती, प्रश्नाची होती, प्रश्न माझा होता. हेही लिहिलं की नव्या तक्त्यावरही डोळे झाकून जाऊ नका. एकवीस गाड्या म्हणजे फार नव्हेत, आणि ओमिना चांगली की तिला जपणारे चांगले, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

मंडळाच्या सभेत गोंधळ झाला. एकजण उठून म्हणाला, "म्हणजे आम्ही दर रविवारी मर-मर मरायचं आणि वर गाडी टाकाऊ!" पेंचो पोटाला हात धरून उभे राहिले. "गाडी टाकाऊच आहे, मित्या. तू चांगला आहेस, म्हणून चालते." मित्या खाली बसला. नंतर सगळ्यांनी माझ्याकडून आपापले आकडे पुन्हा तपासून घेतले. प्रत्येकाला आपला आकडा शेजाऱ्यापेक्षा जास्त हवा होता.

१२ फेब्रुवारी, शनिवार

बिल्यानाने गाडीवर पाटी लावली : 'विकणे आहे. दोष विचारा.' दोन आठवडे कुणी फिरकलं नाही. आज सेव्हलिएवोचा एक सुतार आला, हातात आमचं पत्रक. बिल्यानाने पेंचोंनी करून दिलेली दुरुस्त्यांची यादी पहिल्यापासून वाचायला घेतली. आता एकतीसपर्यंत गेलीय. मी मनात म्हणत होते, अगं, निदान दोन-चार तरी गाळ.

तो शेवटपर्यंत टोपी हातात धरून ऐकत राहिला. "पंप दोनदा बदलला?"

"तीनदा. तिसरा चांगला निघाला."

"सकाळपासून चार टार्विया बघितल्या. चौघेही म्हणाले, कधीच काही झालं नाही. म्हणजे त्यांचं सगळं व्हायचंय. तुझं होऊन गेलंय."

"परत होईल," बिल्याना म्हणाली.

"होऊ दे. मला दोन हात आहेत."

किंमत पाडून मागितली, पण घेतली. 

१६ फेब्रुवारी, बुधवार

बिल्यानाने चारच दिवसांत औषधदुकानदाराच्या विधवेची ओमिना हप्त्याने आणली; राखाडी, दिसायला काही नाही, बिलांची जाडजूड फाईल मात्र सोबत. पेंचोंनी अर्धा तास बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढलं तेव्हा हात स्वच्छ होते. जरा हिरमुसलेले वाटले. मी म्हटलं, "आता सकाळी सहाला उठायचं कारण नाही तुम्हाला."

"कारण आहे," ते म्हणाले.

काय, ते मी विचारलं नाही. चहाला थांबा म्हटलं, तर थांबले.

२७ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी पालिकेचं पत्र आलं. नेमणूक पक्की.

संध्याकाळी मी नव्या फॉर्मचे गठ्ठे लावत होते आणि बिल्याना स्तेफकाशी बोलत होती, यावेळी खोलीत न जाता, माझ्यासमोरच. "नाही गं आई. तिकीट नको. गुरुवारी आजींचं रक्त तपासायचंय, मी कशी येऊ?" मी एकच फॉर्म तीनदा मोजला. मग ती म्हणाली, "त्यापेक्षा तू ये. पंधरा वर्षं झाली. नाही, बसने नाही. मी सोफियाला येते ना विमानतळावर, गाडी घेऊन."

मग बिल्यानाने फोन कानापासून दूर धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मावशी, आई विचारतेय, गाडी भरवशाची आहे का?"

तक्ता माझ्यासमोर होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि फोन हातात घेतला.

"स्तेफके," मी म्हटलं, "एकवीसच गाड्या आहेत. तेवढ्यावरून मी शब्द देणार नाही. पण तू ये. बंद पडली तर आम्ही ढकलत आणू तुला."